घरची एकेचाळीस, परकी दोन

बुर्गल आइगनरचं घर यादीतून उडवलं हे मला न्हाव्याच्या दुकानात कळलं, आणि अर्धे केस कापलेले असतानाच मी खुर्चीतून उठलो. खोटं सांगत नाही. उरलेले अर्धे चार दिवसांनी जाऊन कापून घेतले.

आमच्या लेर्खबाखचं पर्यटन मंडळ दरवर्षी बर्फ पडायच्या आधी एक पुस्तिका काढतं. कुणाला लेकराबाळांसकट स्की खेळायला यायचं असेल तर उतरायचं कुठे, हे त्यात असतं. आता ती फोनवरही दिसते म्हणे. लोक हॅम्बुर्गला नाहीतर रॉटरडॅमला सोफ्यावर बसून तीच बघतात आणि तिच्यावरूनच सुट्टी ठरवतात. त्यात नाव नाही म्हणजे नवा माणूस दाराशी येणार नाही. जुनी माणसं येतात, पण जुन्यांची पोरं मोठी होतात आणि मग मित्रांबरोबर भलतीकडेच जातात. बुर्गलचं घर सात खोल्यांचं. दोन हिवाळे खोल्या रिकाम्या राहिल्या की दाराला कुलूप, एवढा सरळ हिशोब.

पहिल्या पानावर होतं मुलांचं नवं हॉटेल. तिथे पाण्याची घसरगुंडी आहे, आणि अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस जेवणाच्या वेळी पोरांशी हात मिळवत हिंडतो. आमच्या दरीत अस्वल शेवटचं कधी दिसलं ते माझ्या आजोबांनाही आठवत नव्हतं. पण ते 'कुटुंबस्नेही'. आणि बुर्गलचं घर कुटुंबासाठी नाही? मग कुणासाठी आहे, जकात नाक्यावरच्या शिपायांसाठी?

मी वेंडेलिन. एकतीस वर्षं चेअरलिफ्टच्या खालच्या टोकाला उभा राहून पोरांना काखेत धरून खुर्चीवर बसवायचं काम केलं. माझं घर बुर्गलच्या घराच्या वरच्या अंगाला आहे. तिचा नवरा लोइस माझा दोस्त. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तिच्या दारातला बर्फ मीच काढतो आणि ती मला त्याबद्दल शिव्या देते, कारण मी तो तिच्या गुलाबांवर टाकतो.

ती लग्न होऊन वर आली तेव्हा या घरात चौदा गाई होत्या आणि भाड्याच्या दोन खोल्या. सासऱ्याने दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: 'परक्यांसाठी खोल्या'. गाई गेल्या, खोल्या वाढल्या, पाटी तीच राहिली. आमच्याकडे भाड्याने उतरणाऱ्याला जुन्या लोकांचा शब्दच तो, परका. घराघरावर तीच पाटी असायची. त्यात अपमान कुणालाच वाटला नाही.

आता बुर्गल सुट्टी कशी ठरवते ते ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. ऑक्टोबर आला की जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं करून ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचते. एकाखाली एक सात खोल्या, आडवे आठवडे, शनिवार ते शनिवार. सगळं पेन्सिलने. कुठल्या गावच्या शाळांना कधी सुट्टी लागते ते तिला तोंडपाठ. मग ती एकेका घराला पत्र लिहायला बसते. पत्रात गोडगोड काही नसतं. "यानचं पाऊल वाढलं असणार. नवे बूट घेऊ नका, चौतीस नंबर माझ्याकडे आहे. त्याला धाकट्यांच्या वर्गात घालू नका, कंटाळतो आणि मग दुसऱ्यांना पाडतो. लोटेला पहिले दोन दिवस स्की नकोच. घसरगाडी द्या. तिसऱ्या दिवशी स्वतः मागेल." आणि लोटे तिसऱ्या दिवशी मागते. मी या डोळ्यांनी बघितलंय.

बूट म्हणजे तिच्या जिन्याखालच्या कोठडीतले. लहान होऊन मागे राहिलेले स्कीचे बूट तिथे नंबराने लावलेले असतात. जे पोर बूट घालेल त्याने जाताना बुटाच्या जिभेवर आतून आपलं नाव लिहायचं, हा तिचा नियम. एकेका बुटात सहा-सहा, सात-सात नावं आहेत. ती पोरं तिला 'बुर्गलआजी' म्हणतात आणि तिच्याशी भांडतात. ती त्यांचे मोजे चुलीपाशी वाळत घालते आणि शिव्याही घालते.

तिचा स्वतःचा मुलगा आल्बीन. एकोणिसाव्या वर्षी हॅम्बुर्गला गेला तो तिथलाच झाला. समुद्राकाठी सासर, तर सुट्टी समुद्राकाठी. रविवारी फोन, सात मिनिटं. मागच्या जानेवारीत पहिल्यांदा बायकापोरांना घेऊन चार दिवस आला होता. मी तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन करून इन्सब्रुकच्या दवाखान्यात पडलो होतो, त्यामुळे मला ती नातवंडं दिसलीच नाहीत. कशी आहेत म्हणून विचारलं तर बुर्गल म्हणाली, "उंच आहेत." बस. या वर्षी मात्र भिंतीवरच्या पानावर फेब्रुवारीतला एक आठवडा चार नंबरच्या खोलीपुढे तिने नाव न लिहिता चौकोन करून ठेवला होता. दोघांनी ती खोली मागितली, दोघांना नाही म्हणाली. कुणासाठी ते मी विचारलं नाही, मला काय कळत नाही का!

तर न्हाव्याकडून उठलो तो थेट मंडळाच्या कचेरीत. तिथे टामारा नावाची नवी मुलगी आहे. खालची, लिन्झकडची.

"या, बसा ना तुम्ही," ती म्हणाली. माझ्या डोक्याकडे बघत होती.

"हे बघ पोरी, हजार मीटर उंचीच्या वर 'तुम्ही' संपतं. इथे पाटील असो नाहीतर पाद्री, सगळे 'तू'. आणि मी बसत नाही. बुर्गल आइगनरला यादीतून कुणी काढलं?"

"कुणी नाही काढलं. नियमात बसलं नाही. मागच्या हिवाळ्यात निदान वीस मुलं राहायला हवीत."

"वीस? अगं, वीस तर तिच्या जिन्यावर बसलेली असतात!"

तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "त्यांनीच एप्रिलमध्ये भरून दिलंय. हे बघा. सॉरी, बघ. घरात राहिलेली मुलं. परकी, दोन."

"दोन?"

"आणि घरची, एकेचाळीस." तिला हसू आवरेना. "तो रकाना आम्ही धरतच नाही, तो मालकाच्या स्वतःच्या मुलांसाठी असतो. मला वाटलं आजींनी गंमत केली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला एकेचाळीस मुलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुर्गलवरही आणि हिच्यावरही. "मग फोन करून विचारायचंस ना! दोन गल्ल्या सोडून राहते ती! एकेचाळीस लिहिलंय म्हटल्यावर काहीतरी घोळ आहे हे शेंबड्या पोराला कळेल!"

"चारशे फॉर्म असतात, वेंडेलिन. मशीन वाचतं ते." मग ती जरा नरमली. "शुक्रवारपर्यंत दुरुस्ती करता येते. त्यांनी इथे येऊन आकडा बदलून सही करायची. आणि तुम्ही ओळखता तर ती पाटीही उतरवायला सांगाल का? 'परक्यांसाठी' हे कुटुंबांना कसंतरीच वाटतं."

"पाटीवरचा शब्द कसातरी, आणि तुझ्या फॉर्मावरचा तोच शब्द सोवळ्यातला का?"

मी दार आपटून बाहेर पडलो. ते दार आपोआप सावकाश मिटणारं आहे, त्यामुळे तेही नीट आपटलं नाही.

बुर्गल जिन्याखाली बसून बूट पुसत होती. मी उभ्यानेच सुरुवात केली. "तुला काही अक्कल आहे का? परकी दोन?"

"केस असे काय कापलेस?"

"केस मरू देत! एकेचाळीस पोरं घरच्या रकान्यात घातलीस तू!"

"मग कुठे घालू?"

"अगं बाई, परका म्हणजे भाडं देऊन राहणारा! जन्मभर ती पाटी वापरतेस, तुला मी सांगू?"

"पाटी दारावर असते, बाहेरच्या बाजूला," ती म्हणाली. "दारातून आत आलं की वाचता येत नाही ती. यान परका? त्याचा पहिला दात माझ्या या टेबलाखाली पडला. रात्रभर रडला म्हणून मी उशाशी बसले. लोटे परकी? तिची आई पाच वर्षांची असल्यापासून येते, तिला पण मीच नीट खायला शिकवलं. मला विचारलं घरची किती, परकी किती. मी खरं ते लिहिलं. खोटं लिहून सही करायला मी काय मंडळात नोकरीला आहे?"

"यादीतून नाव गेलंय तुझं!"

"माहितीय मला. पुस्तिका माझ्याकडेही येते."

"माहितीय? आणि गप्प बसलीस?"

"तुझ्यासारखं अर्ध्या डोक्याने गावभर पळू का?"

मी खाली बाकावर बसलो, कारण गुडघा दुखायला लागला. मी तिला समजावलं. ओरडून समजावलं, पण समजावलं. म्हटलं, फक्त आकडा फिरवायचा. परकी त्रेचाळीस, घरची शून्य. एक सही. कुणाला दुखावणार आहेस? पोरं थोडीच फॉर्म वाचायला येतायत? घर टिकेल. ती ऐकत होती आणि बूट पुसत होती.

"नाही," ती म्हणाली.

"आता का नाही?"

"यानच्या नावापुढे मी परका लिहिणार नाही. संपलं."

मला इतका राग आला की मी वाट्टेल ते बोललो. म्हटलं, एवढी सत्याची पुतळी आहेस तर सांग, ती दोन कोण? त्रेचाळीसांतली एवढी कोणती दोन कार्टी तुला परकी वाटली? दात नाही पडला का त्यांचा तुझ्या टेबलाखाली?

बुर्गलचा हात थांबला. तिने फडकं घडी घालून गुडघ्यावर ठेवलं.

"आल्बीनची," ती म्हणाली.

मी बाकावर तिच्याकडे सरकलो.

"आल्बीन आणि त्याची सीना गाडी लावत होते. पोरं आधी दाराशी आली. मी उघडलं. पीठ मळत होते, हात तसेच, एप्रन तसाच. मोठी, फ्रीडा, आठ वर्षांची, लाल टोपी. धाकट्याचा हात धरून उभी. मला म्हणते, 'नमस्कार. तुम्ही इथे काम करता का? आमच्या आजीला बोलवाल का?'"

"मग?"

"मी म्हटलं, बोलावते. आत गेले, हात धुतले, एप्रन काढला, आणि परत आले."

माझ्या तोंडून एक शिवी गेली. पोरीला नाही, आल्बीनला.

"तिची काय चूक?" बुर्गल म्हणाली. "फोनवर आवाज ऐकलेला, तोंड कुठे बघितलंय? नीट बोलली हो पोर. शिकवलेली आहे. चार दिवस होती, चारही दिवस 'तुम्ही'. 'तुम्ही मीठ द्याल का.' 'तुमचा संडास कुठे आहे.' धाकटा, एमिल, तर बोललाच नाही. मग एप्रिलमध्ये तो कागद आला. घरची किती, परकी किती. मी बसून एकेकाचं नाव घेऊन मोजलं. चाळीस झाली, एकेचाळीस झाली. आणि ती दोन उरली. कुठे लिहू, तूच सांग. मी खरं लिहिलं."

मी आल्बीनला लहानपणी शंभरदा खुर्चीवर बसवलंय. समोर असता तर पुन्हा काखेत धरला असता आणि खाली टाकला असता. तेवीस वर्षं! आईला दर रविवारी हवा कशी आहे विचारतो, आणि पोरांना आजीचं तोंड दाखवत नाही! बुर्गलला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "झालं तुझं? मग हे अठ्ठावीस नंबर वरच्या फळीवर ठेव."

मधले दिवस असेच गेले. गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे बार्लीचं सूप प्यायला बसलो होतो आणि फोन वाजला. बुर्गलला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन असा खणखणीत लावलेला आहे की पलीकडचा माणूस स्वयंपाकघरात बसल्यासारखा वाटतो. आल्बीन होता. रविवार नसताना.

"आई, फेब्रुवारीचं ठरवत होतो. तू बंद केलंस का गं घर? यादीत नाहीयेस."

"बंद कशाला करू?"

"नाही, सीना बघत होती. तुझं नावच नाही, तर म्हटलं तुला आता झेपत नसेल. तिथे ते मुलांचं हॉटेल झालंय ना, घसरगुंडीवालं, ते बरं पडेल म्हणते ती. तुला त्रास नको. येऊन जाऊ की तुझ्याकडे कॉफीला."

कॉफीला! मी चमचा टेबलावर आपटला. बुर्गलने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी तो परत उचलला.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली. तिची नजर भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकोनावर होती. "मुलांना बरं वाटेल तिथे उतरा."

तेवढ्यात पलीकडे झटापट झाली. "दे ना बाबा, मला बोलायचंय, दे!" आणि मग धापा टाकत एक बारीक आवाज. "आजी? आजी, मी फ्रीडा. तू पाठवलेलं पत्र मी वाचलं."

"पत्र?" मी बुर्गलला खुणेने विचारलं. तिने हात हलवून मला गप्प केलं. बाकीच्यांना लिहिते तसंच यांनाही लिहिलं होतं तिने. मला पत्ता लागू दिला नव्हता.

"तू लिहिलंयस की माझ्यासाठी तेहतीस नंबर ठेवलेत. ते कुणाचे आहेत? आत कुणाकुणाची नावं आहेत?"

बुर्गल उठली, फोन तसाच हातात, जिन्याखाली गेली आणि बूट घेऊन आली. चष्मा नव्हता म्हणून बूट माझ्यापुढे धरला. मी जीभ बाहेर ओढून वाचली आणि ती एकेक नाव फोनमध्ये सांगत गेली. मारायके. टिल. योरिस. लोटेची आई. यान.

"मग त्याच्याखाली माझं," फ्रीडा म्हणाली. "एकतिसात पण मी लिहिलंय, मागच्या वेळी. तू पेन दिलं होतंस. पुसलं नाहीस ना? एमिलचं पण मी लिहिलं, त्याला येत नाही. आजी, तू बाबाला सांग ना. मला नकोय ते अस्वल. एमिल घाबरतो त्याला, व्हिडिओतच घाबरला. आणि मग तिथे बूट कुणाचे असतील?"

"दुकानातले," बुर्गल म्हणाली.

"बघ! सांग त्याला तू."

फोन परत आल्बीनकडे गेला. "ऐकलंस ना," बुर्गल त्याला म्हणाली. तो म्हणाला, सीनाशी बोलतो, कळवतो. हॅम्बुर्गकर झाला आहे, लगेच हो म्हणायचं नाही. मी ओरडलो, "आल्बीन, गाढवा, मी वेंडेलिन बोलतोय!" पण तोवर बुर्गलने फोन ठेवला होता.

तिने बूट कोठडीत नेऊन ठेवला. आली, हात धुतले, आणि म्हणाली, "उद्या मला कचेरीत घेऊन चल."

मला एवढा आनंद झाला की मी दुसरी वाटी सूप घेतलं. शेवटी अक्कल आली! नातवंडं यायची म्हणजे घर चालू दिसायला हवं, यादीत हवं, सीनाला फोनवर दिसायला हवं. बाईने बरोबर ताडलं.

शुक्रवारी सकाळी ती चर्चला जायचा हिरवा कोट घालून आणि टोपीला पीस लावून निघाली. मी रस्ताभर तिला पढवत होतो. परकी त्रेचाळीस, घरची शून्य. लक्षात ठेव. परकी आधी.

मी आधी कळवलं होतं, त्यामुळे टामाराने फॉर्म काढून ठेवलाच होता. बुर्गलला खुर्ची दिली, पेन दिलं, आणि कुठे लिहायचं ते बोटाने दाखवलं. "जुना आकडा खोडायचा आणि बाजूला नवा. मी आजच यादीत घालते, आजी. तुम्ही काळजी करू नका."

बुर्गलने चष्मा लावला. 'परकी' या शब्दापुढचा दोन खोडला. सरळ एक रेघ, पट्टी लावल्यासारखी. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. त्याच्या बाजूला तिने शून्य काढलं.

"अगं!" मी म्हणालो.

मग 'घरची' पुढचे एकेचाळीस खोडले आणि त्रेचाळीस लिहिले. खाली सही केली.

टामारा कागदाकडे बघतच राहिली. "आजी, उलटं झालं. असं तर तुमच्याकडे एकही मूल आलं नाही असं होतं. मग यादीत मला घालताच येणार नाही. दुसरा फॉर्म देऊ का?"

"उलटं नाही झालं," बुर्गल म्हणाली. "तू चुकलेलं दुरुस्त करायला बोलावलंस ना? मी चूक दुरुस्त केली."

"पण वेंडेलिन म्हणाले की..."

मी काय म्हणालो होतो ते सगळं माझ्या घशाशी आलं होतं. मूर्ख बाई. हट्टी बाई. घर घालवशील. मी तोंड उघडलं आणि कागदावर ते शून्य दिसलं, आणि दारातली लाल टोपी आठवली, जी मी बघितलीही नव्हती. मी तोंड मिटलं. रागाने माझे कान गरम झाले होते, आणि तो राग आता कुणावर काढावा तेच समजेना.

"शिक्का मार," मी टामाराला म्हणालो.

"पण खाली कारण लिहायला लागतं. कारणाशिवाय दुरुस्ती घेता येत नाही."

"दे इकडे," बुर्गल म्हणाली. तिने कागद परत ओढला, आणि कारणाच्या ओळीवर तिच्या पत्रांत असतं तसल्याच गोल अक्षरांत लिहिलं: "मोजताना माझी चूक झाली. ती दोन माझी नातवंडं आहेत."